आवरणाऱ्या बाई

खासनीस बाईंना उष्टा कप टेबलावर पडलेला बघवत नसे. कप कुणाचा, हा प्रश्न त्यांना पडायचाच नाही. संचालकांचा असो, बाहेरून आलेल्या पाहुण्याचा असो, नाहीतर काल रुजू झालेल्या पोराचा असो. समोरच्याने शेवटचा घोट घेऊन कप खाली ठेवला, की बाईंचा हात पुढे आलाच. बोलता बोलता त्या उठायच्या, खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जायच्या, कप विसळून पालथा घालायच्या आणि परत येऊन बसायच्या. चालू वाक्य मध्ये तुटायचं नाही. नव्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. पहिल्या दिवशी मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जळगावला आमच्या घरी आईच्या वयाच्या बाईंनी माझा कप विसळला असता, तर आईने मला उभं जाळलं असतं.

दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत बाईंची प्रयोगशाळा होती. सगळे त्यांना ‘मॅडम’ म्हणत. ‘बाई’ म्हणणारी मी एकटीच, आणि तेही चुकून तोंडातून निघून गेलं म्हणून. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या की हेच चालू दे, दिल्लीत आल्यापासून हा शब्द कानावर पडला नव्हता. एवढ्याशा आनंदावर त्यांनी मला पुढची कित्येक वर्षं सहन केलं.

मुलाखतीला गेले तेव्हा मी चांगली घोकंपट्टी करून गेले होते. मला चेतापेशींवर काम करायचं आहे, स्मृती कशी तयार होते ते शोधायचं आहे, वगैरे वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “घरच्या लग्नात पंगतीत वाढायला होतीस की पत्रावळी उचलायला?”

मी म्हटलं, वाढायला.

“सगळे वाढायलाच असतात,” त्या म्हणाल्या, आणि मला घेतलं.

त्यांचा सगळा जन्म पत्रावळी उचलणाऱ्यांवर गेला होता. मेंदूत एक चेतापेशी दुसरीशी बोलते ती रसायन सोडून. त्यातलं सगळ्यांत जास्त वापरातलं म्हणजे ग्लुटामेट. निरोप पोचला की ते तिथून ताबडतोब उचललं गेलं पाहिजे. पडून राहिलं, तर ज्या रसायनाने पेशी बोलतात त्याच रसायनाने त्या जळून मरतात. उचलण्याचं हे काम चेतापेशी करत नाहीत. त्यांच्या आजूबाजूला ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या आधारपेशी असतात, त्या करतात. त्यांच्या भिंतीत ग्लुटामेटला आत ओढून घेणारी प्रथिनं बसलेली असतात. त्यांना वाहक म्हणायचं. बाईंचं उभं आयुष्य या एका वाहकाच्या मागे गेलं. पहिली पंगत उठल्यावर पत्रावळी उचलल्या नाहीत तर दुसरी पंगत बसेल कुठे, असं त्या दर वर्षी नव्या मुलांना सांगत. उत्तर प्रदेशातल्या मुलांना पत्तल म्हणजे काय ते सांगावं लागत नसे, चेन्नईच्या मुलीला तर मुळीच नाही. मात्र पुढच्याच वाक्यात त्या बजावत, की उपमा इथे खाली ठेवा. कारण आधारपेशी उचललेलं फेकून देत नाहीत, त्याचं रूप बदलून पुन्हा चेतापेशींनाच देतात, आणि लग्नात असं कुणी केलं तर मारामारी होईल. उपमा कुठपर्यंत न्यायची आणि कुठे सोडायची, याबाबत त्या फार कडक होत्या. मी आज हे लिहिताना त्या मागे उभ्या आहेत असं वाटतं आणि दोनतीन चांगली वाक्यं खोडावी लागतात.

एकदा परिषदेत एका बड्या शास्त्रज्ञांनी भर सभेत त्यांना विचारलं, की आधारपेशी म्हणजे शेवटी भरावच ना? सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हिंदीत शांतपणे म्हणाल्या, की सर, आपल्या कॉलनीतले सफाईवाले संपावर गेले होते तेव्हा आपण दिल्लीतच होतात ना? परत येताना मेट्रोत मी त्यांच्या हजरजबाबीपणाचं कौतुक करायला लागले, तर त्या म्हणाल्या, त्यात काय, ते सर बिचारे माझ्याच कॉलनीत राहतात.

आमच्या प्रयोगशाळेत एक शेकर होता. फ्लास्क ठेवून हलवत राहणारं यंत्र. जुनं, कुरकुरणारं. त्याला आम्ही पाळणा म्हणायचो. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतून पेशी काढून फ्लास्कमध्ये वाढवल्या, की त्यात सगळ्या जातींच्या पेशी सरमिसळ असतात. फ्लास्क पाळण्यात घालून भरपूर वेळ हलवला की चेतापेशी आणि बाकीच्या सुटून वर तरंगतात, त्या ओतून द्यायच्या. आधारपेशी तळाला घट्ट धरून बसतात. “इतकं हलवूनही जे राहतात ते आपले,” असं बाई म्हणायच्या. विद्यार्थीही त्या याच रीतीने निवडतात असं आम्ही पाठीमागे म्हणत होतो. पहिलं सहा महिन्यांचं हलवणं ज्याने सोसलं तो टिकला.

पण या पेशींची एक गंमत होती, आणि ती सांगताना बाईंचा आवाज जरा उतरायचा. पाळण्यातून काढलेल्या या शुद्ध, एकट्या आधारपेशी आमच्या लाडक्या वाहकाचं उत्पादन जवळजवळ बंदच करतात. शेजारी चेतापेशी ठेवल्या की पुन्हा सुरू करतात. “कुणाचं काही उचलायचंच नाही, तर बनवतील कशाला?” बाई म्हणायच्या. मग लगेच स्वतःच दुरुस्ती करायच्या, की पेशींना ‘कशाला’ वगैरे काही वाटत नसतं, हे वाक्य वहीत लिहू नका.

बाईंचे यजमान कर्नल घोरपडे. सांगलीकडचे, सैन्यात इंजिनिअर, निवृत्तीनंतर दिल्लीतल्याच द्वारकेच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर. लग्न झालं तरी बाई खासनीसच राहिल्या. त्या नवऱ्याला ‘घोरपडे’ म्हणत आणि ते बायकोला ‘डॉक्टर’ म्हणत. दोघांची एकमेकांशी अहोजाहो. माझ्यासारखीला ते आधी नाटक वाटलं, पण ते नाटक नव्हतं. त्या दोघांच्या घरात प्रेम असंच बोललं जायचं. मूलबाळ नव्हतं. त्याची उणीव कर्नलसाहेबांनी आपल्या पद्धतीने भरून काढली होती. करोल बागेच्या आसपास खोल्या घेऊन यूपीएससीची तयारी करणारी गावाकडची मुलंमुली दर रविवारी त्यांच्याकडे जमत. बीडची, परभणीची, चंद्रपूरची, कोण पाटील, कोण शेख, कोण कांबळे. साहेब त्यांच्या खोट्या मुलाखती घेत. त्यांचा आवडता प्रश्न होता, की दिल्लीपर्यंत धडक मारून मराठ्यांनी इथे काय ठेवलं? पोरं पानिपतापासून सुरुवात करत. साहेब म्हणत, “एक इस्पितळ. हिंदूराव. आणि तिथे कधी जायची वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना.” पोरं पोट धरून हसत, बाई तेवढ्यात सगळ्यांचे कप उचलून आत जात. साहेब आतल्या दिशेने ओरडत, “अवो डॉक्टर, बसा की जरा!” आतून नळाचा आवाज येई.

एका रविवारी मी गेले होते तेव्हा साहेबांच्या हाताला शर्टाचं बटण लागत नव्हतं. ते त्यावर विनोद करत होते, की सैन्याने इतकी वर्षं बटणं लावून घेतली, आता हात संपावर गेलाय. बाईंनी बटण लावलं. लावताना त्यांनी साहेबांचा पंजा उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी पाहिलं. तिथलं मांस बसलं होतं. मला तेव्हा काही कळलं नाही. बाईंना मात्र तिथेच कळलं असावं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा त्या कप न उचलता आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. हात जातात, पाय जातात, जीभ जाते, शेवटी श्वास. आणि या आजारात काय होतं, तर पाठीच्या कण्यातल्या आधारपेशींमधला तो वाहक, बाईंचा वाहक, नाहीसा होत जातो. एवढंच एक कारण नसतं, हे बाई लगेच सांगतील. पण ज्या गोष्टीवर आयुष्य घातलं ती गोष्ट आपल्याच घरात, आपल्याच माणसाच्या अंगात कमी होत चालली आहे, हे जगात किती बायकांना कळत असेल? देवावर माझा विश्वास तसा बेताचाच आहे. त्या दिवशी जो होता तोही गेला.

त्या वेळी प्रयोगशाळेत जुन्या औषधांची तपासणी चालूच होती. बाजारात मिळणाऱ्या, दुसऱ्याच आजारांवरच्या औषधांपैकी एखाद्याने हा वाहक वाढतो का, हे पाहायचं. आमच्याकडे आंधळ्या मोजणीचा नियम होता. कोणत्या प्लेटमध्ये औषध आणि कोणत्यात नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसायचं. बाई सगळ्यांत विश्वासाच्या मोजणाऱ्या. साहेबांचं निदान झालं त्या आठवड्यात त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की यापुढे या कामात त्या मोजणीला बसणार नाहीत.

“झाकून मोजलं तरी नको,” त्या म्हणाल्या. “मला आता काय दिसावंसं वाटतं, ते मला माहीत आहे.”

काही महिन्यांनी अंकितच्या प्रयोगात एका औषधाने वाहक भलताच वाढलेला दिसला. अंकित म्हणजे मेरठचा, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला, कर्नलसाहेबांचा फार लाडका. दर होळीला साहेब त्याच्या घरच्या गुजिया, म्हणजे आपल्या करंज्याच, मागवून घेत. तो मिठाईचा डबा घेऊन धावतच आला. आम्ही सगळे रडलो, खोटं कशाला सांगू. औषध द्वारकेच्या कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं होतं. यकृताला त्रास देणारं होतं, पण मिळणारं होतं. बाईंनी आकडे वाचले. डबा तसाच बाजूला ठेवला. म्हणाल्या, प्रयोग पुन्हा करा.

साहेबांना बातमी पोचायची ती पोचलीच. तोवर ते खुर्चीला खिळले होते आणि जीभ जड झाली होती, पण हट्ट शाबूत होता. ते म्हणाले, द्या मला. सैनिक आहे, माझ्यावर प्रयोग करायला कुणाची परवानगी लागते? मी तिथेच होते. बाई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “घोरपडे, एकदा ते तुमच्या पोटात गेलं की तुम्ही रोज मला जरा बरेच दिसाल. नसलात तरी दिसाल. आणि तुमचं यकृत जाईल ते मला दिसणार नाही. मला आधी खरं काय ते कळू द्या.” साहेबांनी तोंड फिरवलं. संस्थेत लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. मलाही तसंच वाटलं. नवरा हातचा चाललाय आणि ही पुराव्याला अडून बसली आहे. आजही माझं त्यावर एक मत होत नाही.

बाईंनी प्रयोग परत करायला सांगितला, पण त्याआधी जुन्या प्लेट मागितल्या. सूक्ष्मदर्शकाखाली एक प्लेट ठेवून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, बघ. आधारपेशी छान पसरल्या होत्या, आणि त्यांच्या अंगावरून बारीक बारीक धागे गेले होते. चेतापेशींचे धागे. पाण्याच्या प्लेटमध्ये ते नव्हते.

त्यांनी अंकितला विचारलं, दोन्ही प्लेट एकाच फ्लास्कमधल्या का? हा आमच्याकडचा पहिला नियम. ज्यांची तुलना करायची त्या पेशी एकाच फ्लास्कमधल्या हव्यात. नव्हत्या. पाण्याच्या प्लेट जुन्या फ्लास्कमधल्या होत्या. पेशी कमी पडल्या म्हणून औषधाच्या प्लेट त्याने नव्या फ्लास्कमधून केल्या, आणि तो नवा फ्लास्क पाळण्यात पुरेसा हललाच नव्हता. त्याने लवकर काढला होता. त्यात चेतापेशी राहून गेल्या होत्या, आणि त्यांच्या शेजाराने वाहक वाढला होता.

“मैडम, सर के लिए जल्दी कर रहा था,” तो म्हणाला.

मला वाटलं आता वीज पडणार. यापेक्षा कितीतरी लहान चुकांसाठी बाईंनी माणसं रडवली होती. बाई उठल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, “मालूम है बेटा. अब सब एक ही फ्लास्क से करो. और पूरा हिलाना.” मग बाजूला ठेवलेला मिठाईचा डबा उचलून त्याच्या हातात दिला, की घरी घेऊन जा, वाया घालवू नकोस.

पुन्हा केलेल्या प्रयोगात औषध आणि पाणी यांत काहीच फरक निघाला नाही. तो आणखी एकदा केला. तेव्हाही नाही.

साहेबांना ते सांगायला बाईंनी मला बरोबर नेलं. का, ते सांगितलं नाही. द्वारकेच्या त्या बाल्कनीवरून विमानं इतकी खाली येतात की विमान जाईपर्यंत बोलणं थांबवावं लागतं. त्या घरातल्या माणसांना मधेच गप्प बसायची आणि तिथूनच पुढे बोलायची सवयच झाली होती. मी चहा केला. साहेबांना बाईंनी चमच्याने थोडा थोडा दिला, मग आपला कप घेतला. आणि सगळं सांगितलं. फ्लास्क, पाळणा, धागे. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. अंकितचं नाव फक्त घेतलं नाही. एका मुलाची घाई झाली, एवढंच म्हणाल्या. मध्ये एक विमान गेलं.

साहेबांचे शब्द आता एकमेकांत घुसत, आणि आम्ही बाकीचे अंदाजाने समजून घेत असू. पण हे मला स्पष्ट कळलं.

“म्हणजे औषध नव्हतं,” ते म्हणाले. “सोबत होती.”

बाईंनी मान डोलावली. मग सवयीने त्यांचा हात कपांकडे गेला. रिकामे झाले होते, तिन्ही. त्या अर्ध्या उठल्या.

“बसा डॉक्टर,” साहेब म्हणाले. “आता उठू नका.”

बाई बसल्या. मीही उठले नाही. अंधार पडेपर्यंत ते कप तिथेच होते.

त्यानंतर बाई संस्थेत येईनाशाच झाल्या. शिल्लक होत्या त्या सगळ्या रजा त्यांनी घेतल्या, आणि त्या संपायच्या आत निवृत्ती घेतली. आयुष्यभर ज्यांच्या रजा वाया गेल्या त्यांनी या वयात त्या खर्च केल्या, यावर संस्थेत चारचौघांनी नाकं मुरडली. त्या साहेबांजवळ बसून असत. रविवारची पोरं येतच राहिली. साहेबांची जीभ पुरती गेली तेव्हा ते डोळ्यांनी प्रश्न विचारत आणि बाई तो शब्दांत मांडत. “साहेब विचारतायत, तू कलेक्टर झालास आणि तुझ्या मामाने जमिनीचं काम आणलं तर?” पोरगा उत्तर द्यायचा. साहेबांनी डोळे मिटले की उत्तर नापास.

साहेब एका थंडीत गेले. मी तेव्हा नोएडाच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. मी दोन दिवस जाऊन राहिले, आणि परतले ती मनात एक भीती घेऊन, जी कुणाला बोलून दाखवण्यासारखी नव्हती. एकट्या पेशींचं काय होतं ते आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं. उपमा कुठे सोडायची हेही शिकवलं होतं, पण ते मला जमत नव्हतं. महिने गेले, मी फोनवर चौकशी करत राहिले, त्या बरी आहे म्हणत राहिल्या. कुणाच्याही तोंडचं ‘बरी आहे’ मला कधी खरं वाटलेलं नाही.

त्यांना मी शेवटचं भेटले ते होळीच्या आधीच्या एका रविवारी. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, झोपेत, कुणालाही उठायला न लावता. तो निरोप मला अंकितने दिला. तो आता गुरुग्रामला असतो आणि पेशींवरच काम करतो.

तर त्या रविवारी. मी बेल वाजवली तर दार उघडंच होतं. आत सातआठ पोरं सतरंजीवर. एक मुलगी, बीडची असावी, ताठ बसून उत्तर देत होती, आणि समोर साहेबांच्या खुर्चीत बाई. त्यांना राज्यघटनेतलं काही कळत नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या प्रश्नही विचारत नव्हत्या. प्रश्न पोरंच एकमेकांना विचारत होती. बाई फक्त ऐकत होत्या, हनुवटी तळव्यावर टेकवून, आणि उत्तर पटलं नाही की साहेबांसारखे डोळे मिटत होत्या. खोलीभर उष्टे कप पडले होते. खिडकीत, टेबलावर, सतरंजीच्या कडेला, एक तर त्यांच्याच खुर्चीच्या हातावर, त्यातल्या चहावर साय धरलेली. मला ते बघवेना. मी पुढे होऊन तो कप उचलायला गेले.

बाईंनी माझं मनगट धरलं आणि मला आपल्या बाजूला खाली ओढलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “बस.”

वरून विमान गेलं. ती मुलगी थांबली, ते जाऊ दिलं, आणि मग होती तिथूनच पुढे बोलायला लागली.